या वर्षी चाळीस

धुळे,
मंगळवार, ८ ऑक्टोबर १९५७

मित्रा पितांबर,

दसऱ्याचं कार्ड पोचलं. एकेचाळीस! तुझ्या छातीला इथूनच नमस्कार.

आपला पोस्टमन रुपचंद. त्याने ते आधी स्वतः वाचलं, मग शेजारच्या पंडित गुरुजींना वाचून दाखवलं, आणि मग मला दिलं. कार्डावर अक्षरं किती, तर 'या वर्षी एकेचाळीस. पितांबर.' रुपचंद हळूच विचारतो, "नाना, हाऊ सट्टाना आकडा शे का?" मी म्हटलं, "असता तर मी तुझ्या हाती कशाला लागू दिला असता?"

मग गुरुजींना सगळं सांगावं लागलं. आम्ही दोघं नरडाण्याचे, गावच्या शाळेत एका बाकावर सातवीपर्यंत. पुढे तापीप्रसाद नाटक मंडळीत हा गायचा आणि मी त्याच्या मागे ऑर्गन वाजवायचो. सत्तेचाळीस साली अमळनेरला मंडळीचा पडदा शेवटचा पडला, त्या दिवशी आम्ही ठरवलं की मंडळी मोडली तरी तिची रीत मोडायची नाही. खंडेनवमीला वाद्य पुजून मिटवायचं, दसऱ्याच्या सूर्योदयाला उघडायचं, आणि पहिला षड्ज दोघांनी एकाच वेळी लावायचा. मी धुळ्यात पूर्वेकडे तोंड करून, त्याने जळगावात पश्चिमेकडे. त्याचा सूर एका श्वासात किती मात्रा टिकतो, आणि भाता एकदा भरून पाय काढला की माझा ऑर्गन किती टिकतो, ते एकमेकांना कार्डाने कळवायचं. गुरुजी ऐकत राहिले. मग म्हणाले, "जीवराम, तुमच्यासारखी माणसं सरकारने मोजून ठेवली पाहिजेत."

माझे सोळा. दरसाल सोळाच. चामड्याला म्हातारपण नाही. तू मात्र वर्षाला एकेक मात्रा उतरतो आहेस. चव्वेचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस, आता एकेचाळीस. या चालीने माझ्या पेटीला गाठायला तुला अजून पंचवीस वर्षं लागतील. सावकाश ये.

आणि पोस्टाची तर कमालच झाली. गुरुवारी दसरा, आणि शुक्रवारी सकाळी पहिल्या वाटपाला कार्ड माझ्या हातात! सणाची सुटी असूनसुद्धा. पूर्वी तीन-तीन दिवस लागायचे. देश पुढे चालला आहे म्हणतात ते खोटं नाही.

आता खरी गोष्ट लिहितो. रशियाने आकाशात एक चंद्र सोडला आहे, हे तिकडे कळलंच असेल. दीड तासात पृथ्वीभोवती फिरून येतो म्हणे. काल आणि आज उजाडायच्या आधी पांझरेच्या काठावर पन्नास माणसं मान वर करून उभी होती. मीही होतो. दिसलं काही नाही. पण तिथे उभं राहिल्यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, की वर छत नाही. आपण रोज देवाला वर बघून हात जोडतो, पण ते 'वर' किती वर आहे हे मी कधी मनात आणलंच नव्हतं.

गुरुजींना विचारलं, तिथे आवाज कसा येत असेल? ते म्हणाले, "वर हवाच नाही. हवा नाही तिथे आवाज नाही." लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो की शब्द हा आकाशाचा गुण. आणि हे म्हणतात आकाश मुकं आहे. दोन्ही खरं कसं असेल, याचा विचार करत पेटीपाशी बसलो, तेव्हा एक ध्यानात आलं. हार्मोनियम श्वास सोडते. आपला ऑर्गन श्वास ओढून घेतो. पेडल मारलं की भात्यात पोकळी होते, ती पोकळी बाहेरची हवा सुरांच्या पितळी जिभांमधून आत ओढते, आणि सूर बोलतो. म्हणजे बोलवते ती पोकळीच. तीस वर्षं वाजवतो आहे, आणि हे आज दिसलं.

मला त्या पोकळीचं काही वाजवायचं आहे. शब्द नाही, ताल नाही. राग म्हणावा तर तोही नाही. वेड लागलं असं वाटलं तर तसं कळव.

कुंदावहिनींना नमस्कार.

तुझा
जीवराम


पिंप्राळा, जळगाव,
१९ ऑक्टोबर १९५७

जिवा,

चंद्र सोडला रशियाने आणि डोकं फिरलं धुळ्याच्या पेटीवाल्याचं. वेड लागलं का म्हणून विचारतोस? ते तुला विसाव्या वर्षी लागलं. चोपड्याच्या मुक्कामात शेवटची भैरवी सोडून तू पावशा पक्ष्याचा सूर शोधत बसला होतास, आणि मी तिथे स्टेजवर साडी नेसून तोंड उघडून उभा! तेव्हाच मी ओळखलं होतं.

पोस्टाचं मला विचारू नको. जळगावचा पोस्टमास्तर माझा सूर ऐकून खूश झाला असेल.

इकडे बठ्ठं ठीक शे. कापसाच्या जिनात हंगाम सुरू झाला. गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जाते. रुई अशी उडते की दुपारी अंगणात चांदणं पडल्यासारखं दिसतं. मी तोंडाला फडकं बांधून वजनकाट्यावर असतो. यंदा मालकाने मला बसायला खुर्ची दिली. मान वाढला म्हणायचा.

तुझा तो चंद्र दिसावा म्हणून मी हल्ली खिडकीशी बसूनच झोपतो. पाठीला दोन उश्या. कुंदा म्हणते, "राजासारखे बसता आणि राजासारखेच घोरता." ती तुला फराळाला बोलावते आहे. ती सांगते, आकाशाचं मागून वाजवा, आधी आमच्या शेवेला नावं ठेवायला या. पण यंदा नको येऊ. घरात पाहुणे आहेत.

एक विचारतो. तुझ्या त्या वाजवण्यात श्वास कुठे घ्यायचा? पेटीला काय, तिला पाय आहेत. पण ऐकणारा माणूससुद्धा गाणाऱ्याबरोबर श्वास घेत असतो. त्याला कुठेतरी जागा ठेव. नाहीतर तो गुदमरेल.

पितांबर


धुळे,
संक्रांत, १४ जानेवारी १९५८

मित्रा पितांबर,

तिळगूळ सोबत आहे. चुरा झाला असला तर रुपचंदने वाटेत तपासला असं समज.

तुझ्या प्रश्नावर तीन महिने काढले. आता उत्तर सापडलं आहे, पण आधी मधलं सांगतो.

नोव्हेंबरात त्यांनी एक कुत्री वर पाठवली. एका पेटीत बसवून, श्वासापुरती हवा भरून. खाली आणायची सोय मुळातच केली नव्हती. रस्त्यावरची कुत्री, म्हणे. पकडून आणलेली. हे वाचलं त्या संध्याकाळी मी राममंदिरात तिच्या नावाने दिवा लावला. वच्छलाबाई समोर वाती वळत होत्या. म्हणाल्या, "जीवरामा, कुत्रीला दिवा? उद्या शेळीला लावशील." मी म्हटलं, "अक्का, एवढ्या वर ती एकटी आहे." जाताना पाहिलं, तर माझ्या दिव्यात त्यांनी आपलं तेल घातलं होतं.

त्या दिवसापासून वाजवणं सुचू लागलं. सगळ्यात खालचा षड्ज धरून ठेवायचा, सोडायचाच नाही. त्याच्यावर फार वर, अगदी शेवटच्या सप्तकात, एखादाच सूर. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा, पहिल्यापासून लांब. दोन्ही हात वर लागतात, म्हणून खालची पट्टी दाबलेली राहावी यासाठी तिच्या फटीत पाचर मारावी लागते. लाकडाची मारली तर पट्टी ओरखडली. कापड निसटलं. मग तुझं दसऱ्याचं एक कार्ड दुमडून बसवलं. जसं काही त्यासाठीच बनवलेलं! अकरा वर्षांची अकरा कार्डं जपून ठेवली होती, ती आता कामाला लागली.

मंदिरात संध्याकाळी वाजवून पाहतो. वच्छलाबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "पेटी बिघडली का रे? एकच सूर अडकलाय." आता म्हणतात, "लाव तुझा अडकलेला." आणि जपाची माळ घेऊन बसतात. याहून मोठी दाद मला नको.

आता तुझं उत्तर. श्वासाची जागा शेवटी आहे. सगळे सूर एकेक करून सोडतो. खालचा षड्ज तेवढा उरतो. भाता भरून पाय काढतो. सूर बारीक होत जातो. सोळाव्या मात्रेला तो संपतो, आणि तो संपतो तिथूनच तुझा षड्ज उठायचा. एकटा, साथ नाही, काही नाही. एकेचाळीस मात्रा. माणसाचा आवाज त्या एवढ्या पोकळीत. मग पुढे काही वाजवायचं नाही.

जन्मभर मी तुझ्या मागे वाजवलं. तू श्वास घ्यायचास तिथे मी भरून काढायचो. एकदा तू माझ्यामागे ये. रामनवमीला मंदिरात वाजवायचं ठरलं आहे, विश्वस्तांनी होकार दिला आहे. जळगावहून सकाळची एस.टी. धर, एरंडोल, पारोळा करत दुपारी इथे पोचशील. दुसरं कुणी हे करू शकत नाही, आणि दुसऱ्या कुणाला मी सांगणारही नाही.

तुझा
जीवराम


पिंप्राळा,
९ फेब्रुवारी १९५८

जिवा,

तिळगूळ पोचला. कुंदाने सगळ्या आळीत वाटला.

मी येणार नाही. स्पष्ट लिहितो, म्हणजे तू वाट पाहणार नाहीस.

मी शब्द गाणारा माणूस. माझ्या पदांवर अमळनेरला लोक उठून उभे राहायचे ते शब्दांसाठी. नुसता 'आ' लावायला मला एवढ्या लांब बोलावतोस? त्याला गाणं म्हणत नाहीत. कुणाही दमदार गड्याला उभा कर, तो लावील. शिवाय अठ्ठेचाळिसाव्या वर्षी चार लोकांत उभं राहून श्वास मोजून घ्यायचा म्हणजे पहिलवानासारखं झालं. आणि हंगाम आहे. सुटी मिळायची नाही.

रागावू नको.

त्या कुत्रीची हवा किती दिवस पुरली? काही छापून आलं का? पंडित गुरुजींना विचारून कळव. तिला कळलं असेल का, की हवा संपत आली आहे?

हे पत्र लिहायला तीन दिवस लागले. कामाची गर्दी फार.

पितांबर


धुळे,
२ मार्च १९५८

पितांबर,

तुझं पत्र दहा वेळा वाचलं. हा तू नव्हेस. कुणीतरी तुला चिडवलं असेल आणि तू माझ्यावर काढलंस, असं धरून चालतो.

कुत्रीचं गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, आठवडाभर पुरली असं कुणी म्हणतं, कुणी आणखी कमी सांगतं. कळलं असेल का, हे त्यांनाही माहीत नाही. तुला तिचंच पडलं आहे. माझ्या रामनवमीचं एक अक्षर नाही.

पेटीच्या डाव्या बाजूला स्टूल ठेवणार आहे. मंडळीत तू पद सुरू करण्याआधी टेकायचास, त्या जागी. तू येतो आहेस, असं मी सर्वांना सांगून ठेवलं आहे.

जीवराम


धुळे,
२ एप्रिल १९५८

पितांबर यास,

रामजन्म झाला, पाळणा झाला, सुंठवडा वाटून झाला आणि संध्याकाळी मी वाजवायला बसलो. दीडशे माणूस असेल. गुरुजींनी चार शब्द सांगितले, की हे आकाशाचं आहे, शांतपणे ऐका. लोकांनी ऐकलं. पोरंसुद्धा गप्प होती. तेवढा वेळ मला खरंच वाटलं, की मंदिराला वर छत नाही.

मग शेवट आला. पाय काढला. सूर बारीक झाला. मी दाराकडे बघत होतो. तू उशिरा येणारा माणूस. जन्मभर तिसरी घंटा झाल्यावर येत आलास. तेव्हा वाटलं, आता उंबऱ्यातूनच आवाज येईल. सोळा मात्रा झाल्या. सूर संपला. मी तसाच बसून राहिलो. कुणी खोकलं. कुणी हसलं. मागून कुणीतरी म्हणालं, "झालं का?" आणि विश्वस्तांनी घाईने आरती सुरू केली. रिकाम्या स्टुलावर कुणीतरी नारळाचं ताट ठेवलं होतं.

माझा अपमान झाला म्हणून लिहीत नाही. पण एक गोष्ट तुला सांगितलीच पाहिजे. देवाने तुला श्वास दिला, तसा हजारांत एकाला देतो. तो तू रात्र-रात्र परक्या लोकांवर उधळलास. मी मागितला तर मला मात्र तो महाग झाला. तुझ्याकडे श्वास आहे पितांबर, माया नाही. आता तो जिनातल्या गाठी मोजायलाच ठेव.

येत्या दसऱ्याला कार्ड टाकू नकोस. मला पोचायला नको.

जीवराम


(पोस्टकार्ड)
पिंप्राळा, २१ एप्रिल

जिवा, पत्र पोचलं. तुझं खरं आहे.

पितांबर


पिंप्राळा, जळगाव,
१२ ऑगस्ट १९५८

जीवरामभाऊ यांस कुंदाचा नमस्कार.

मला लिहायची सवय नाही, चौथी शिकलेली आहे. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

हे आषाढ वद्य पंचमीला गेले. तुम्हाला कळवायचं नाही, असं यांनी मला गळ्याची शपथ घालून सांगितलं होतं, म्हणून दिवस होईपर्यंत थांबले. आता शपथ मोडते. पाप लागलं तर मला लागो.

तीन वर्षांपासून यांच्या छातीत काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जिनातली रुई श्वासाबरोबर आत जाऊन बसली. आधी जिना चढताना दम लागायचा, मग चालताना, मग नुसतं बोलताना. मालकाने खुर्ची दिली ती उभं राहवत नव्हतं म्हणून. आडवं झालं की गुदमरायचे, म्हणून खिडकीशी बसून रात्र काढायची. पाहुणे कोणी नव्हते भाऊ. तुम्ही आलात तर दिसेल, म्हणून तसं लिहिलं. पत्र लिहायला तीन दिवस लागले तेही खरंच लागले. दोन ओळी लिहायच्या आणि वही छातीवर ठेवून बसायचं.

कार्डांचं सांगते. पंचावन्न सालापासूनची तिन्ही खोटी. दसऱ्याच्या दोन दिवस आधीच लिहून ठेवायचे आणि मला पेटीत टाकून यायला सांगायचे. मी म्हणायची, अहो, सूर लावून तरी मग लिहा. म्हणायचे, "सूर लावून लिहायला बसलो तर हात खरं लिहील." आकडा दरसाल एकाने कमी करायचे. जिवाला खरं वाटलं पाहिजे, एकदम उतरला तर तो रात्रीच्या गाडीने येईल, असं म्हणायचे.

तरी दसऱ्याला सूर्योदयाला अंगणात उभं राहणं चुकवलं नाही. मावळतीकडे तोंड करून, हात जोडून. तोंड उघडायचे. आवाज निघायचा नाही. मला म्हणायचे, तू मोज. मी बोटांची पेरं मोजायची. गेल्या वर्षी एकेचाळीस मोजेपर्यंत तसेच उभे होते. शेजारची प्रमिलाबाई मला विचारते, "भाऊ देवाशी बोलतात का?" मी हो म्हटलं.

मी एकदा भांडले यांच्याशी. म्हटलं, जिवाभाऊंना सांगून टाका, मोकळे व्हा. तर म्हणाले, "त्याच्यामागे बायको नाही, लेकरू नाही. सकाळी उठून माझा सूर तिकडे आहे, एवढ्यावर तो पेटी उघडतो. तो सूर कसा काढून घेऊ?"

रामनवमीचं तुम्हाला माहीत नाही. हे निघाले होते. मी नको-नको म्हणत असताना धुतलेलं धोतर नेसून, जुनी टोपी घालून, सकाळच्या एस.टी.त बसले. सूर लागणार नाही हे त्यांना कळत होतं. म्हणाले, "नुसता स्टुलावर बसीसन येस. जिवाले बठ्ठं समजी जाई." पारोळ्यापर्यंत गेले. तिथे धाप लागली, कंडक्टरने उतरवून बाकावर बसवलं, पाणी दिलं. दुपारी उन्हात दोन तास त्या बाकावर बसून होते. पुढच्या गाडीत चढायची ताकद नव्हती. परतीच्या गाडीत लोकांनी उचलून बसवलं. घरी आले आणि पहिलं काय विचारलं, तर "किती वाजले?" मी म्हटलं, सहा. म्हणाले, "आता जिवाने पाय काढला असेल."

मग तुमचं ते पत्र आलं. मी वाचून दाखवलं, कारण यांना चष्मा लावून वाकता येत नव्हतं. शेवटी-शेवटी मला वाचवेना. तर म्हणाले, "वाच. चांगलं लिहिलंय. रागात असला की त्याचं अक्षर सुधारतं." माझ्यासमोर हसले. मग भिंतीकडे तोंड केलं.

तुम्हाला दुखवायला हे लिहीत नाही. यांच्या वहीत तुमच्या नावाने अर्धं पान लिहिलेलं सापडलं, ते होतं तसं उतरवते:

"जिवा, तू विचारत होतास पोकळीचं. मी तीन वर्षं तिच्यात राहतो आहे, तर सांगतो. मन्हा छातीमा आते वारा ऱ्हायना नही. पण ऐकू फार येतं. पूर्वी गाताना मला माझाच आवाज यायचा. आता दूध तापताना येतो तो आवाज येतो, कुंदाच्या बांगड्या येतात, लांब गाडी सांधा बदलते ते येतं. तुझ्या शेवटाला माझा सूर घालू नको. तू पाय काढ आणि पेटी थांबू दे. पुढे जे राहतं ते"

इथे थांबलं आहे.

आणखी एक. यांच्या उशीखाली या वर्षीच्या दसऱ्याचं कार्ड सापडलं. तुमचा पत्ता घालून, लिहून तयार. चैत्रातच लिहिलं असावं, हात चालत होता तेव्हा. तुम्ही तर कार्ड नको म्हणून लिहिलं होतं. मी काय करू? पेटीत टाकू, की ठेवून देऊ, की यांच्या मागे तापीत सोडू? तुम्ही सांगाल तसं.

कुंदा


धुळे,
२३ ऑगस्ट १९५८

कुंदावहिनी,

परवा मी येऊन गेलो. दोन तास तुमच्या ओट्यावर बसलो, चहा घेतला, आणि एक शब्द न बोलता उठलो. तुम्ही दारापर्यंत आलात. मी तसाच स्टँडकडे चालू लागलो. म्हणून लिहितो.

येताना पारोळ्याला उतरलो. स्टँडवर तीन बाक आहेत. कोणता ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिन्हींवर बसलो. तिथून धुळ्याला पाऊण-एक तास लागतो. रामनवमीला मी दाराकडे बघत होतो, त्याच्या आधी काही तास तो तिथे बसला होता. आणि मी घरी येऊन त्याला ते पत्र लिहिलं.

जन्मभर माझं काम एकच होतं वहिनी. गाणाऱ्याचा श्वास ओळखणं. तो कुठे भरतो, कुठे कमी पडतो, त्याच्या खांद्यावरून मला कळायचं. पडद्याआड त्याचा पाय घसरला तरी मला कळायचं. खुर्ची मिळाली म्हणाला, मला कळलं नाही. बसून झोपतो म्हणाला, कळलं नाही. कुत्रीची हवा किती पुरली म्हणून विचारलं, आणि मी त्यालाच बोल लावला. कार्ड सुटीच्या दिवशी साठ मैल धावल्यासारखं आलं, तर मी देशाची प्रगती झाली म्हणून पोस्टाचं कौतुक केलं.

देवाची क्षमा मागतो रोज. तो करीलही, त्याचं कामच ते. पितांबरची मागायची, तर तो क्षमा करून आधीच निघून गेलेला. आता ते मागणं माझ्याकडे तसंच राहणार.

कार्ड तापीत सोडू नका. मी 'नको' लिहिलं, ते माझ्या हातून लिहिलं गेलेलं सगळ्यात खोटं वाक्य आहे. त्याची तिन्ही खोटी कार्डं त्याहून खरी होती. तो टाकायचा तसंच टाका. दसऱ्याच्या दोन दिवस आधी.

तुमचा
जीवराम


धुळे,
बुधवार, दसरा, २२ ऑक्टोबर १९५८

मित्रा पितांबर,

हे पत्र तुझ्याच पत्त्यावर टाकतो आहे. वहिनी वाचतील, आणि संध्याकाळी खिडकीशी बसून तुला वाचून दाखवतील, असं मी मनाशी धरलं आहे.

कार्ड काल आलं. रुपचंदने या वेळी वाचलं नाही. टोपी काढून दोन्ही हातांनी दिलं. मी न वाचता देवापुढे पालथं ठेवलं. खंडेनवमीची पूजा झाली होती, पेटी मिटलेली होती. तुझ्या नावाने दिवा लावला. वच्छलाबाईंनी विचारलं नाही, तेल घातलं.

आज सूर्योदयाला पूर्वेकडे तोंड करून पेटी उघडली. गुरुजी बाहेर उभे होते, आत आले नाहीत. तुझं कार्ड दुमडून खालच्या षड्जाच्या फटीत बसवलं. भाता भरला आणि पाय काढला.

सोळा मात्रांना सूर संपला. दरवर्षी तिथे मी पट्टी सोडतो आणि उठतो. आज उठलो नाही. सूर गेला होता, पण पट्टी खालीच होती. कार्डाने धरून ठेवली होती. मी बोटांच्या पेरांवर पुढे मोजत राहिलो. सतरा, अठरा. वहिनी तुला मोजायच्या तशीच. काही वाजत नव्हतं. नदीवर कुणी कपडे आपटत होतं. कुठेतरी दूध उतू गेल्याचा वास आला आणि कुणी कुणाला हाक मारली. गुरुजींनी घसा खाकरला आणि तो पुन्हा गिळला. मी श्वास घेतला. तू विचारलेली जागा ती हीच होती, मला उशिरा सापडली.

मोजून झालं तेव्हा कार्ड काढून उलगडलं. आकडा मला ठाऊक होता. तरी वाचला.

माझे सोळा.

तुझे चाळीस. पोचले.

जिवा